गारांच्या रस्त्यावर

आलापल्लीत आमचं घर सागवानाच्या डेपोच्या मागच्या अंगाला होतं. सकाळी डोळे उघडण्याआधी कानात लाकूड कापणाऱ्या आरामशीनचा आवाज शिरायचा, आणि तो थांबला की सगळ्या वस्तीला कळायचं, जेवायची सुट्टी झाली. भुसा सगळीकडे असायचा. आईच्या केसांत, पाण्याच्या गुंडीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या शिवणीत. आई तोच जाळायची. पत्र्याच्या डब्यात मधोमध एक गोल लाकूड उभं धरायचं, भोवती भुसा ठेचून भरायचा, मग लाकूड अलगद वर ओढून घ्यायचं, की शेगडी तयार. त्या शेगडीवर तांदळाची भाकर फुगायची, अंबाडीची भाजी रटरटायची, आणि बाजाराच्या दिवशी सुकी मासोळी भाजायला घेतली की शेजारपाजारची मांजरं कुडाच्या भिंतीला लागून बसायची. आजही कुठे सुताराचा रंधा चालू असला तर मी त्या दारात थांबते. आत जायचं काही कारण नसतं.

माझे बाबा लाकडाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. दौलतभाऊ म्हणून त्यांना सगळा डेपो ओळखायचा. पावसाळ्यात जंगलातल्या काळ्या चिखलातून भरलेला ट्रक काढावा तर त्यांनीच. मी शाळेत होते तेव्हा एकदा ओंडके चढवताना साखळी तुटली आणि एक ओंडका त्यांच्या डाव्या पायावर आला. गुडघ्याखालचा पाय गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर ते ओसरीत बाजेवर बसून राहायचे आणि रस्त्यावरून ट्रक गेला की डावी मांडी हलवायचे. क्लच दाबल्यासारखी. त्यांना स्वतःला ते कळत नव्हतं. आई ते पाहायची आणि आत जायची.

मग ती गाडी आली. चंद्रपूरकडच्या कुठल्याशा कारखान्यात यंत्रं बसवायला एक गोरा इंजिनिअर आला होता. परत जाताना त्याने आपली गाडी बाबांच्या ठेकेदाराला विकली. लांबलचक, फिक्कट निळी, पुढची सीट बाकासारखी अख्खी. पण तिला क्लचच नव्हता. खाली दोनच पायडल, एक थांबवायला, एक पळवायला, आणि गियरची दांडी स्टेरिंगलाच लागलेली. ठेकेदाराच्या एकाही ड्रायव्हरला ती पटेना. डावा पाय काय डोक्यावर ठेवायचा का, असं ते म्हणायचे. गाडी चिंचेखाली उभी राहिली, तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. बाबांच्या कानावर हे आलं, आणि दुसऱ्या दिवशी ते कुबडी घेऊन ठेकेदाराच्या दारात उभे राहिले. आपल्याच कामावर या माणसाचा पाय गेला, याची जाणीव त्या ठेकेदाराला होती हे मी मान्य करते. त्याने किल्ली काढून बाबांच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "घेऊन जाय दौलत. तुह्याच साठी आली वाटते हे गाडी."

त्या गाडीवर बाबा पुन्हा माणसात आले. आलापल्लीहून आष्टी, चामोर्शी, मूल, कुठेही सवारी न्यायचे. गियरच्या दांडीपाशी इंग्रजी अक्षरं होती, ती त्यांनी मला आपल्या पद्धतीने पाठ करून दिली. पी म्हणजे पडून राह्य. आर म्हणजे रिटर्न. एन म्हणजे नाई कुठीच. डी म्हणजे दौड. आणि शेवटचा एल म्हणजे लंगडी. "हे माह्या नावाची हाय," ते म्हणायचे. "उताराले लंगडीत टाकली का गाडी आपोआप हळू चालते. ब्रेकच्या भरवशावर राहू नये." मी त्यांच्या बाजूला बसायचे, कारण उतरताना दार उघडून कुबडी हातात द्यायला कोणीतरी लागायचं. आई त्या गाडीत सहसा बसत नसे. तिला मळमळायचं. मी मात्र बसून बसून दांडीचा प्रत्येक खटका ओळखायला लागले होते. एकदोनदा डेपोच्या मोकळ्या मैदानात बाबांनी मला स्टेरिंगवरही बसवलं. मी ओंडक्यांना वळसा घालून गाडी आणली, तर आई घरातून ओरडत आली, "पोरीच्या हाती गाडी देऊन राह्यले! उद्या लग्न कोण करंन तिच्याशी?" तेवढ्यावर माझं शिक्षण थांबलं.

माझ्या मोठ्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मी बारावीत होते. सुभद्राआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, मूलला राहायची. तिचे यजमान तिथल्या राइस मिलमध्ये कामाला होते. लग्नाचा तांदूळ माझ्याकडून, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून बाबा आणि मी तिला आणि तांदळाला आणायला मूलला गेलो. आत्या बोलकी होती हा शब्द तिला अपुरा पडतो. ती गाईशी बोलायची, पाखडताना सुपाशी बोलायची, एकटी असली तर चुलीला रागे भरायची. निघताना तिने आम्हाला गरम वरण-भात आणि वांग्याची भाजी इतकी वाढली की बाबा म्हणाले, "बाई, आता मलेच उचलून गाडीत टाका." पोती डिक्कीत भरली. एक मागल्या सीटवर आत्याच्या बाजूला उभं केलं, आणि आत्या त्या पोत्याच्या खांद्यावर हात टाकून बसली, मैत्रिणीसारखी.

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. ऊन कडक होतं. चामोर्शी गेली, आष्टी गेली, जंगल लागलं. आत्या नवरीच्या मामाबद्दल काहीतरी सांगत होती. दुपार कलती झाली होती आणि समोरचं आभाळ पिकल्या जांभळासारखं झालं होतं. बाबा म्हणाले, "पानी येते वाटते." पण वाऱ्याला पाण्याचा वास नव्हता. तो गार होता, लोखंडासारखा. मग जंगलाच्या आतून एक आवाज यायला लागला. पुष्कळ बायांनी एकदम सुपं पाखडायला घ्यावीत, तसा. आत्या बोलता बोलता थांबली. पहिली गार बॉनेटवर पडली आणि चेंडूसारखी उडून गेली. दुसरीने टपावर हातोडा मारला. आणि मग मोजणं, बोलणं, ऐकणं सगळं संपलं.

बाबांनी गाडी रस्त्याच्या मधोमध उभी केली. मी ओरडून म्हणाले, "झाडाखाली घ्या ना!" ते म्हणाले, "फांदी पडंन." आणि खरंच पुढे मोहाची एक मोठी फांदी रस्त्याच्या कडेला कोसळली. गारा आधी बोराएवढ्या होत्या, मग लिंबाएवढ्या. टप वाजत होता, पत्रा आत चेपत होता. मी कानांवर हात दाबून खाली वाकले. म्हणूनच मी वाचले. कवठाएवढी एक गार समोरच्या काचेवर बसली आणि अख्खी काच आत आली. मी मान वर केली तेव्हा माझ्या ओटीत काचेचा खच होता आणि समोर नुसतं भगदाड होतं. बाबांचे दोन्ही हात अजून स्टेरिंगवर होते. तोंड रक्ताने माखलेलं. ते अगदी शांत आवाजात म्हणाले,

"सुनी, मले दिसून नाई राह्यलं."

मी या वाक्यावर आयुष्यात पुष्कळदा परत आले आहे. ते ओरडले असते तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. पण त्यांनी ते असं सांगितलं, जसं कोणी सांगावं की पाणी संपलं आहे. मला आतून काहीच वाटेना. हात आहेत की नाहीत तेही कळेना. मी नुसती त्यांच्याकडे पाहत राहिले आणि गारा आमच्या मांडीवर पडत राहिल्या.

थांबलं तेव्हा एकदम थांबलं. इतकं शांत झालं की इंजिनचा आवाज मोठा वाटू लागला. मी बाहेर पाहिलं. रस्ता नव्हता. पांढरं होतं सगळं. झाडांना पान उरलं नव्हतं, आणि त्या पांढऱ्यावर मोहाची फुलं, हिरवी पानं, आणि हिरवे पोपट पडले होते. आधी मला सगळी पानंच वाटली. मग एकाला लाल चोच दिसली. थंडीने दात वाजत होते आणि त्या थंडीला मोहाचा गोड, दारूसारखा वास येत होता. मार्च महिन्यात, आमच्या गडचिरोलीत. मी त्याआधी बर्फ पाहिला होता तो फक्त मासळीबाजारातल्या खोक्यात.

आत्या मागून पुढे आली.  तिने आपल्या लुगड्याच्या पदराची पट्टी फाडली आणि बाबांच्या डोळ्यांवर बांधली. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. आत्याला गप्प पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

बाबा म्हणाले, "कोनी येऊन राह्यलं का रस्त्यानं?"

"नाई बाबा."

"मागून?"

"मागं झाडं पडले."

 पदरातून रक्त पाझरून हनुवटीवर येत होतं. मग बाबा बाकावरून डावीकडे सरकले आणि म्हणाले, "इकडं ये. तू बस."

मी म्हणाले मला येत नाही. ते म्हणाले, "मले मालूम हाय. मी सांगतो."

आंधळा झालेला माणूस आणि कधी रस्त्यावर गाडी न चालवलेली मुलगी, अशी आमची ड्रायव्हरी सुरू झाली. बाबा म्हणाले, दौडमध्ये टाक आणि ब्रेकवरून पाय उचल, दुसऱ्या पायडलला पाय लावूच नको, ही गाडी आपल्या आपण चालते. मी पाय उचलला. गाडी कचकच करत निघाली, गारा चिरडत. पहिल्या वळणावर मला वाटलं वेग जास्त झाला, म्हणून मी ब्रेक दाबला. आणि गाडीने माझं ऐकणं सोडलं. पुढचं तोंड सरळ होतं, पण मागचा भाग उजवीकडे निघाला, जणू कोणी शेपूट धरून ओढत होतं. खाली खोल नाली होती.

"ब्रेक सोड!" बाबा ओरडले. "मांगचं कुठी चाललं?"

"उजवीकडं!"

"मंग उजवीकडंच फिरव! जिकडं मांगचं जाते तिकडंच!"

ते मला उलटं वाटलं. नालीकडे फिरवायचं? पण फिरवलं. गाडी थरथरली, मागचा भाग परत आला आणि आम्ही रस्त्यावर होतो. बाबांनी सीटवर दोन्ही तळवे टेकवून ठेवले होते. "आता सरळ झाली," ते म्हणाले. मी न सांगता. त्यांना गाडी बुडाखालून दिसत होती. "इचा जोर मांगच्या चाकाईत हाय ना. आन् वजन सारं पुढं. मांगचे चाक फिरते पन धरत नाई. रिकामा ट्रक चिखलात असाच करते. तांदूळ हाय मांगं म्हनून वाचलो."

माझा मुलगा आता एका थंड देशात नोकरी करतो. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला की मित्राची मागच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी घेऊन निघालो आणि बर्फावर गोल फिरलो, इथे लोक म्हणतात ही गाडी बर्फात काढूच नये. मी म्हटलं, ब्रेक दाबला होतास ना? डिक्कीत काहीतरी जड टाक, आणि मागचं जिकडे जाईल तिकडे फिरव. तो हसला, म्हणाला, आई, तू चंद्रपूरला बसून मला बर्फ शिकवतेस? मी त्याला पुढचं सांगितलं नाही. फोनवर सांगायची गोष्ट नाही ती.

थोडं पुढे रस्त्यात एक सायकल आडवी पडली होती. तिच्या कॅरिअरची टोपली उलटली होती आणि गारांवर मासे पसरले होते, चांदीसारखे, खोक्यात मांडून ठेवल्यासारखे. पलीकडे कुशीवर एक माणूस पडला होता. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "थांब. पन हळू. आधी एन मध्ये टाक, मंग ब्रेक हलकेच दाब आन् सोड, दाब आन् सोड." गाडी त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबली.

मुलचेऱ्याकडे वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या गावांतून मासे विकायला येणाऱ्यांपैकी तो एक होता. डोक्याच्या मागे गार लागली होती. केस चिकटले होते, पण रक्त फारसं नव्हतं. डोळे उघडे होते. आत्याने आणि मी त्याला काखेत धरून मागच्या सीटवर आणलं. तो हलका होता. आत्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो म्हणाला, "दीदी, माछ पडून गेला."

आत्या बोलली. गारांनंतर पहिल्यांदा. "पडू दे बाप्पा. माशाले काय होते. नाव काय तुह्यं?"

"निताई."

"निताई, डोळे मिटू नको. मले सांग, घर कुठी हाय तुह्यं?"

पुढे उतार होता, तळाशी नाला, आणि नाल्यापलीकडे चढ. बाबांनी विचारलं, "नाला दिसते का?" मी हो म्हटलं. "इथीच अगदी हळू होऊ दे. मंग लंगडीत टाक. झटक्यानं टाकशीन तर मांगचे चाक आटकतीन." मी दांडी ओढली. इंजिन गुरगुरलं आणि गाडी एखादी म्हातारी उतरते तशी, एकेक पाऊल, खाली उतरली. ब्रेकला मी पाय लावला नाही. पुलावर पाणी नव्हतं, गाराच होत्या. पण चढावर अर्ध्यात चाकं गरगर फिरू लागली. गाडी जागच्या जागी ओरडत होती आणि बुडाखालून जळक्या रबराचा वास येत होता.

"पाय काढ," बाबा म्हणाले. "जेवढं फिरवशीन तेवढं गुळगुळीत होईन. बाई, तुह्यापाशी पोतं हाय ना? ते फोड. तांदूळ चाकाच्या पुढं टाक, आन् खाली पोतं आथर."

आत्या म्हणाली, "दौलत, अन्न हाय रे ते."

"मले मालूम हाय."

मी ब्रेक दाबून बसले होते, कारण गाडी मागे सरकत होती. आत्याने निताईचं डोकं हळूच सीटवर ठेवलं. पोतं ओढत नेलं, दातांनी सुतळी तोडली, आणि भावाच्या लग्नाचा तांदूळ दोन्ही ओंजळींनी चाकांपुढे टाकू लागली. पांढऱ्यावर पांढरं. तो तांदूळ तिने स्वतः निवडला होता. मग रिकामं पोतं उसवून पसरवलं आणि परत येऊन निताईचं डोकं मांडीवर घेतलं. बाबा म्हणाले, "आता दौडमध्ये. पायडलवर पाय ठेव, पन असा ठेव का अंड्यावर ठेवला हाय." चाकं एकदा घसरली, मग त्यांनी काहीतरी पकडलं. गाडी पोत्यावरून वर आली आणि थांबली नाही. मीही थांबवली नाही.

चढाच्या वर गेल्यावर आत्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि त्या आवाजाने मला किती धीर दिला ते मी सांगू शकत नाही. ती निताईशी बोलत होती. "हो का? किती लेकरं? पोरगी शाळेत जाते? हो, हो. अगाई, पान्यात जायचं म्हनजे भेव वाटत असंन. थंडी वाजते का? हे घे, पदर घे. आता आलंच बाप्पा, आलंच." मध्ये ती थांबायची, ऐकल्यासारखी, मग म्हणायची, "खरी गोष्ट हाय तुही." फुटलेल्या काचेतून वारा तोंडावर येत होता, गारा कचकचत होत्या, त्यामुळे त्याचा आवाज मला ऐकू येत नव्हता. मला वाटलं, हळू बोलत असेल. मला वाटलं, तो बोलतो आहे, बाबा बोलत आहेत, म्हणजे सगळं ठीक आहे. मी फक्त रस्ता पाहायचा.

आणि एका वळणानंतर रस्ता काळा झाला. कोरडा. धूळ उडत होती. तिथे गारेचा एक दाणा पडलेला नव्हता. एक माणूस बैलबंडीवरून येत होता. त्याने आमची चेपलेली, टपावर बर्फ घेतलेली गाडी पाहिली आणि बैल थांबवले. तोंड उघडं टाकून तो आमच्याकडे पाहत राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला अचानक रडू आलं. बाबा म्हणाले, "रस्ता वाळला ना? आता दौडू दे." मी रडत रडत दौडवली. मागे आत्या बोलतच होती. कोरडा रस्ता आला तरी ती थांबली नाही.

आलापल्लीच्या सरकारी दवाखान्यासमोर मी गाडी उभी केली तेव्हा दिवेलागण होत होती. माणसं धावत आली. बाबांना दोघांनी उचलून आत नेलं. डॉक्टर मागच्या दारातून आत वाकले, त्यांनी निताईच्या मानेला बोटं लावली, डोळ्याची पापणी वर केली. मग आत्याला विचारलं, "बाई, हे केव्हापासून असे आहेत?"

आत्या म्हणाली, "नाल्यापासून. मी तांदूळ टाकून परत आली, तवा."

मला वाक्याचा अर्थ लागेना. मी म्हटलं, "पण तू त्याच्याशी बोलत होती ना?"

आत्याने वर पाहिलं. तिचा चेहरा मला अनोळखी वाटला. ती म्हणाली, "तुह्या हातात सारे जन होते, सुनी. मी चूप बसली असती तर तू मांगं वळून पाह्यलं असतं."

मी गाडीतून खाली उतरले. मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. थोड्या वेळापूर्वीपर्यंत माझ्या पाठीमागे एक माणूस आपल्या मुलीच्या शाळेबद्दल सांगत होता. मी तसं ऐकलं होतं. म्हणजे ऐकलं नव्हतं. ती मुलगी खरी होती की नाही, हेही मला माहीत नव्हतं. आई धावत आली, तिने मला हलवलं, पाणी पाजलं, मी पाणी प्यायले. तिने विचारलं, गाडी कोणी आणली?  उत्तर आत्याने दिलं.

बाबांना चंद्रपूरला नेलं, तिथून नागपूरला. उजवा डोळा गेला. डावा वाचला, धुरकट. गाडीची काच कुठे मिळाली नाही, तेव्हा सुताराने चौकट करून तिच्यात साधी काच बसवून दिली. बाबांनी पुन्हा गाडी चालवली नाही. मी चालवली. ते डावीकडे बसायचे, तळवे सीटवर टेकवून. आईने एकदाही लग्नाचा विषय काढला नाही. लग्न झालं माझं, उशिरा, आणि तेही एका अशा माणसाशी, ज्याने मला पहिल्यांदा पाहिलं ते मी जॅक लावून चाक बदलत असताना. भावाच्या लग्नाला तांदूळ कमी पडला नाही. वस्तीतल्या घराघरातून पायली पायली आला.

त्या लग्नानंतर काही दिवसांनी आमच्या दारात एक बाई आली. पांढरी साडी, हातात बांगडी नाही, सोबत एक मुलगी. निताईची बायको. सासरचा एक माणूस तिला सोडून बाहेर थांबला होता. आत्या अजून आमच्याकडेच होती, बाबांच्या डोळ्यात औषध घालायला. आईने त्यांना बसायला सांगितलं, चहा ठेवला. मुलगी नऊदहा वर्षांची असेल. शाळेचा फ्रॉक होता अंगात. मी तिच्याकडे पाहिलं आणि मग आत्याकडे पाहिलं. आत्याही त्या फ्रॉककडेच पाहत होती. तिचा हात तोंडावर गेला होता.

बाईने चहा घेतला नाही. तिने मोडक्या मराठीत विचारलं, "तो काय बोलला?"

मला माहीत होतं तो काय बोलला. माछ पडून गेला, आणि आपलं नाव. एवढंच. बाकी सगळं आत्याचं होतं. मला भीती वाटली की आत्या आता ते सगळं त्याच्या तोंडी घालून सांगेल, आणि मला ते ऐकत बसावं लागेल. आणि मला हीही भीती वाटली की ती सांगणार नाही.

आत्या उठली. त्या बाईजवळ जाऊन खाली बसली, तिचा हात आपल्या हातात घेतला. 

"जास्त नाई बोलला, बाई," ती म्हणाली. "मासे पडले म्हनाला. आपलं नाव सांगतलं. मंग मीच बोलत होती. गावापर्यंत बोलत होती. एकटा नव्हता तो."

त्या बाईने मान हलवली. मग तिने विचारलं, "तू काय बोलली?"

आणि आत्याने तिला सांगितलं. सगळं. किती लेकरं, पोरगी शाळेत जाते का, पाण्यात भेव वाटते का, थंडी वाजते का, हे घे पदर घे. एकेक वाक्य, त्याच क्रमाने, मध्ये थांबत. ती थांबली की ती बाई हळूच बंगालीत काहीतरी म्हणायची, आणि आत्या मान हलवून पुढे बोलायची. मला पुष्कळ वेळाने कळलं की ती बाई उत्तरं देत होती.